अंबाडीच्या बोंडांचा चहा

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातील शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही दुपारच्या सुट्टीत नेहमीच्या चहाऐवजी लाल चहा ठेवला होता. रंग डाळिंबाच्या रसासारखा आणि चव आंबट. चहा म्हटला की दूध हवेच, अशा सवयीने एका बाईंनी आपल्या पेल्यात दूध ओतले आणि ते लगेच फुटले. आम्ही लाजलो, पण पुढच्या तासाला विषय आयता मिळाला. ज्या पाकिटातून तो चहा काढला होता, त्यावर परदेशी थाटाचे फुलांचे चित्र होते आणि 'मन शांत करणारा, कॅफीनविरहित हिबिस्कस टी' असे छापलेले होते. पाकिटातला वाळलेला ऐवज हातावर घेऊन अक्कलकोट तालुक्यातले एक शिक्षक म्हणाले, "सर, ही आमची पुंडी की ओ!"

त्यांचे बरोबर होते. पाकिटात लाल अंबाडीची बोंडे होती. सोलापूर हे तीन भाषांचे गाव असल्याने या झाडाला येथे तीन नावे आहेत. मराठी घरात ती अंबाडी, कानडी घरात पुंडी, आणि तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात पुंटिकूर. आंध्रच्या किनाऱ्याकडे तिलाच गोंगुरा म्हणतात. तिन्ही घरांत पाला उकडून, आंबट पाणी काढून टाकून, डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन भाजी होते आणि ती भाकरीशी खाल्ली जाते. मात्र या झाडाच्या बोंडांचा चहा होतो हे तिन्ही घरांत फारसे कोणाला ठाऊक नव्हते. असे का झाले असावे, आणि पाकिटावरच्या 'मन शांत करणारा' या शब्दांत तथ्य किती, हे या लेखात पाहू.

आधी नावांचा घोटाळा दूर करायला हवा. 'हिबिस्कस टी'चे भाषांतर पुष्कळदा 'जास्वंदीचा चहा' असे केले जाते. ते वाचून दारातल्या जास्वंदीच्या पाकळ्या उकळणारे लोक आम्हाला भेटले आहेत. त्यात अपाय विशेष नाही, पण तो हा चहा नव्हे. जास्वंद, अंबाडी आणि लाल अंबाडी या हिबिस्कस प्रजातीतल्या तीन बहिणी. साधी अंबाडी म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस. तिच्या खोडावर बारीक काटे असतात आणि बोंड कोरडे, कुसळांचे असते. लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सॅब्डारिफा. दोघींच्याही फुलांच्या पाकळ्या बहुधा फिक्या पिवळ्या आणि मध्ये गडद तांबड्या असतात. फूल एका दिवसात मिटते. त्यानंतर लाल अंबाडीत एक वेगळी गोष्ट घडते. पाकळ्या गळाल्या तरी त्यांच्या खालचा निदलपुंज वाळत नाही. तो वाढतो, मांसल होतो आणि आतल्या फळाला लाल पेल्यासारखा वेढून बसतो. चहा होतो तो या निदलपुंजाचा. 'फुलांचा चहा' हे नाव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निम्मेच खरे म्हणावे लागेल. फुलाचे भाग शिकवताना निदलपुंजाचे काम 'कळीचे रक्षण' एवढेच सांगून आपण पुढे जातो; तेथे हे बोंड वर्गात न्यावे.

या झाडाचे मूळ आफ्रिकेत आहे. सोलापूरच्या माणसाने यावर थोडे थांबून विचार करावा, कारण त्याची ज्वारीही मूळची आफ्रिकेतलीच. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी म्हणजे या जिल्ह्याची ओळख. पण तिचे पूर्वज सुदानच्या बाजूचे आणि काही हजार वर्षांपूर्वी भारतात आलेले. म्हणजे आपल्या ताटातली अस्सल गावरान भाकरी आणि अस्सल गावरान भाजी या दोन्ही फार जुन्या काळी समुद्रापलीकडून आल्या.

आपल्याकडे अंबाडीचा मान होता तो भाजीपेक्षाही वाखासाठी. झाडे कापून पाण्यात भिजत घालायची, कुजली की साल सोलून वाख काढायचा आणि त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे वळायची. 'डेक्कन हेम्प' हे तिचे इंग्रजी नाव याच दख्खनवरून पडले. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजांसाठी दोर हवे होते. तेव्हा कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०० च्या सुमारास अनेक देशी धाग्यांना वजने टांगून कोणता किती भार सोसतो याचे प्रयोग केले. त्या धाग्यांत अंबाडीही होती. दोरासाठी झाड फुलण्याच्या सुमारासच कापावे लागते, कारण पुढे वाख राठ होतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याला वाख हवा, त्याच्या हाती भरलेली बोंडे येणे कठीणच. पुढे नायलॉनचे दोर आले आणि अंबाडी बांधावरून हटत गेली. राहिली ती भाजीपुरती, आणि भाजीसाठी तर ती फुलण्याच्या बरीच आधी खुडली जाते. जेथे बोंडे धरतात तेथे त्यांची चटणी होते.

आफ्रिकेत मात्र हे बोंड पेयासाठीच वाढवले गेले. इजिप्त आणि सुदानात त्याला 'करकदे' म्हणतात. ते गरम किंवा गार पितात आणि लग्नसमारंभात पाहुण्यांना देतात. पश्चिम आफ्रिकेत त्याचे नाव 'बिसाप'. गुलामांच्या व्यापाराबरोबर हे झाड अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीज बेटांवर गेले. जमैकात ते नाताळच्या सुमारास तयार होत असल्याने तेथे त्याचे आले घातलेले सरबत हे सणाचे पेय झाले, आणि मेक्सिकोत तर त्या पेयाला 'जमैकाचे पाणी' असेच म्हणतात. माणसांना साखळदंडात बांधून नेणाऱ्यांच्या जहाजांतून त्या माणसांच्या स्वयंपाकघरातले बी गेले आणि तेथे रुजले. विज्ञानाच्या मासिकात हे आले म्हणून वाचकांनी नाराज होऊ नये. वनस्पतींच्या प्रसाराचा इतिहास असल्या प्रवासांनी भरलेला आहे.

मग आपण बोंडे का उकळली नाहीत? आमच्या मते याचे एक कारण असे की आंबट पेयासाठी आपल्याकडे चिंच, आमसूल आणि कैरी होतीच. दुसरे कारण म्हणजे गरम पेय म्हणून काही रोज पिण्याची चालच आपल्याकडे नवी आहे. काढा असे, पण तो आजारपणात. चहा १९ व्या शतकाच्या शेवटीही महाराष्ट्रात परका होता. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली, तेव्हा गाजलेले ग्रामण्याचे प्रकरण शिक्षकांना ठाऊक असेलच. टिळक आणि रानडे यांनाही त्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. वाद मिशनऱ्यांच्या हातच्या खाण्यापिण्याचा होता हे खरे, पण चहा तेव्हा घराघरातला नव्हता हेही त्यातून दिसते.

तो घराघरात गेला तो प्रचाराने. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाच्या खपाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात देशातल्या कारखान्यांत, कोळशाच्या खाणींत आणि कापड गिरण्यांत चहाचे स्टॉल मांडले गेले. सोलापूर तोवर गिरण्यांचे गाव झाले होते. १८७० च्या दशकातली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठे आणि झोपे. पाळीत काम करणाऱ्या माणसाला चहात जे हवे होते ते म्हणजे कॅफीन. त्याला ते नाव माहीत नव्हते, एवढेच. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला ते आजही हवे असते.

कॅफीनचा शोध हीदेखील वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे. जर्मनीतल्या येना येथे शिकणारा फ्रीडलीब रुंगे हा तरुण विषारी बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली मोठी करून दाखवत असे. ते पाहून कवी गटे खूश झाला आणि त्याने रुंगेला कॉफीच्या बिया देऊन यातही काही सापडते का पाहा, असे सुचवले. १८१९ साली रुंगेने त्यातून कॅफीन वेगळे केले. १८२७ साली चहातून असाच एक पदार्थ निघाला आणि त्याला 'थेईन' हे वेगळे नाव मिळाले. दोन्ही एकच आहेत हे १८३८ मध्ये कळले. पुढे १८९० च्या दशकात एमिल फिशरने त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवले.

कॅफीन जागे कसे ठेवते, हे मात्र २० व्या शतकाच्या उत्तरार्धात समजले. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते चेतापेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटले की गुंगी येऊ लागते. कॅफीनच्या रेणूचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असल्याने ते त्या ग्राहकांवर जाऊन बसते, पण ॲडेनोसिनचे काम करत नाही. बाकावर पिशवी ठेवून जागा धरावी तसा हा प्रकार. थकवा असतो, पण त्याचा निरोप पोहोचत नाही. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला प्रौढ माणसाला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकराला अंगात असते. दहावी-बारावीची मुले रात्री जागण्यासाठी चहा घेतात आणि मग पहाटे झोप येत नाही म्हणून तक्रार करतात, त्यांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा.

अंबाडीच्या बोंडात कॅफीन नाही. पाकिटावरच्या मजकुरातला हा भाग निःसंशय खरा आहे. संध्याकाळचा एक चहा सोडून ज्याने हा घेतला, त्याला रात्री झोप बरी लागली तर नवल नाही. पण त्याचे श्रेय पेल्यात काय आहे यापेक्षा पेल्यात काय नाही याला द्यावे लागेल. 'शांत करणारा चहा' ही कीर्ती मुळात दुसऱ्याच एका फुलाची आहे. युनानी हकीम ज्याला बाबूना म्हणतात आणि युरोपात झोपण्यापूर्वी ज्याचा चहा घेतात, ते शेवंतीच्या कुळातले कॅमोमाइल. त्याच्यावर माणसांत चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान आहेत. अमेरिकेत २००९ साली ५७ चिंताग्रस्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याच्या अर्काने माफक गुण दिसला. २०११ साली निद्रानाशाच्या ३४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत झोपेत ठोस फरक आढळला नाही. दुकानदारीत एका फुलाची कीर्ती दुसऱ्या फुलाच्या पाकिटावर सहज चढते.

लाल अंबाडीचा स्वतःचा गुण वेगळा आहे आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब किंचित वाढलेले, पण औषध सुरू नसलेले ६५ प्रौढ होते. काहींना सहा आठवडे रोज तीन पेले हा चहा दिला, इतरांना त्याच रंगाचे व चवीचे दुसरे पेय. वरचा रक्तदाब चहा घेणाऱ्यांत सरासरी ७.२ अंकांनी उतरला, तर दुसऱ्या गटात १.३ अंकांनी. हा फरक खरा आहे, आणि लहानही आहे. दुसऱ्या गटालाही काहीतरी प्यायला का दिले आणि त्यातही रक्तदाब थोडा का उतरला, हे मुलांना विचारावे. वैज्ञानिक चाचणी म्हणजे काय ते त्या १.३ मध्ये दडलेले आहे.

हे लिहिण्यामागे एक कारण आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गिरणी कामगार रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत असत. मुलाने आणलेल्या अशाच एका पाकिटावरचा मजकूर वाचून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि लाल चहा सुरू केला. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडले, तेव्हा वरचा दाब २०० च्या पुढे होता. सुदैवाने ते वाचले. "फुलाचंच तर आहे, त्यानं काय होतंय," असे ते आम्हाला म्हणाले होते. चहाने त्यांना काही केले नाही, हे अगदी खरे. ज्या गोळ्या काम करत होत्या त्या थांबल्या. ज्यांना औषध सुरू आहे त्यांनी हा चहा नियमाने घ्यायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण औषधाच्या जोडीने दाब गरजेपेक्षा जास्तही उतरू शकतो. गर्भवतींनी तो टाळलेला बरा.

आता बोंडाच्या रंगाकडे वळू, कारण त्या बाबतीत आपल्या देशातले एक जुने संशोधन सांगण्यासारखे आहे. विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर येथे आंध्र विद्यापीठात टी. आर. शेषाद्री हे रसायनशास्त्रज्ञ होते. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या शेषाद्रींनी परत आल्यावर दारातल्या झाडांची फुले अभ्यासाला घेतली. कापसाच्या फुलातली पिवळी द्रव्ये त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी केली. अंबाडी कापसाच्याच कुळातली, भेंडीही त्याच कुळातली. त्यामुळे पुढची पायरी गोंगुऱ्याची होती. १९४२ साली सूर्यप्रकाश राव आणि शेषाद्री यांनी लाल अंबाडीच्या फुलातून हिबिस्किट्रिन हे नवे पिवळे द्रव्य वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले आणि विद्यापीठ काही काळ गुंटूरला हलवावे लागले. अशा धामधुमीत ही मंडळी भाजीच्या फुलातला रंग तपासत होती. सोलापूरच्या पूर्वभागात पुंटिकूर खाऊन मोठ्या झालेल्या मुलांना हे नाव आपण सांगायला हवे.

बोंडाचा लाल रंग मात्र वेगळ्या गटातला, अँथोसायनीनांचा. तो दर्शकाचे काम उत्तम करतो. पाच-सहा वाळकी बोंडे गरम पाण्यात भिजवून गाळावीत आणि तो अर्क भरपूर पाण्याने फिका करून चार काचेच्या पेल्यांत घ्यावा. एकात लिंबू पिळावे, एक तसाच ठेवावा, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि चौथ्यात चुन्याची निवळी थेंब थेंब घालावी. लाल, जांभळट, निळसर, हिरवट अशी रांग दिसते, आणि चुन्याचा पेला तासाभराने पाहिला तर तो पिवळट पडलेला असतो, कारण तेथे रंगाचा रेणूच मोडतो. पाणी बोअरचे आणि पावसाचे असे दोन्ही घेऊन पाहावे. आपल्या भागातल्या जड पाण्यात विरळ अर्क मळकट जांभळा दिसतो आणि पावसाच्या पाण्यात गुलाबी राहतो. लिटमस कागद संपले म्हणून आम्ल-आम्लारीचा धडा अडू नये, यासाठी बरणीभर बोंडे शाळेत असावीत. त्या बाईंच्या पेल्यातले दूध का फुटले तेही येथेच कळते. दुधातले केसीन सामू ४.६ च्या आसपास साकळते आणि या चहाचा सामू ३ च्या आसपास असतो.

चहा करण्याची रीत सोपी आहे. टफ्ट्सच्या चाचणीत २४० मिलिलिटर उकळत्या पाण्यात सव्वा ग्रॅम वाळके बोंड सहा मिनिटे ठेवत. सव्वा ग्रॅम म्हणजे साधारण दोन-तीन बोंडे. पाणी उकळून खाली उतरवावे, बोंडे टाकून झाकण ठेवावे आणि दाट कपड्यातून गाळावे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्यावे. ॲल्युमिनियम नको, आणि कल्हई गेलेले तांब्या-पितळेचे तर मुळीच नको. गूळ घातला की रंग मंदावतो, साखरेने तसा मंदावत नाही. सुंठ किंवा वेलदोडा चालतो. आम्लाने दातांचे लुकण झिजते म्हणून पिऊन झाल्यावर चूळ भरावी.

बी जून-जुलैत पहिल्या पावसावर लावावे. लाल अंबाडी लहान दिवसांची वनस्पती असल्याने दिवस आखूड होऊ लागल्याशिवाय ती फुलत नाही. एक ओळ जूनमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये लावली तर दोन्हींची उंची वेगळी होते, पण फुले जवळजवळ एकाच सुमारास, पावसाळा सरताना येऊ लागतात. मुलांना दोन्हींच्या पहिल्या फुलाची तारीख वहीत लिहायला सांगावी. फूल गळाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बोंड बोटाने सहज मोडते, तेव्हा खुडावे. आतले फळ ढकलून काढावे आणि लाल साल सावलीत वाळवावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती चार-पाच दिवसांत कडकडीत होते. दोन-चार झाडांची बोंडे मात्र खुडू नयेत. ती झाडावरच वाळू द्यावीत, म्हणजे पुढच्या जूनला बी शोधावे लागत नाही.